गाळलेलं तीर्थ

दीपालीच्या पत्राला जवाहर मगदुमांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घामानं भिजत होतं, आणि समोर घाटावरून बसनं आणलेली शेदोनशे माणसं घोटाभर चिखलात उभी राहून पाण्याला हात जोडत होती.

दीपाली त्यांच्या सख्ख्या बहिणीची, चंदनबालाची मुलगी. साताऱ्याला कारखान्यात नोकरीला. मामा फोन वाजला की खोली बदलतात, पण लिहिलेलं काहीही वाचतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून तिनं पत्र टाकलं होतं. ‘आईनं इन्सुलिन बंद केलंय. पायाच्या अंगठ्याला जखम झालीय, ती लपवते. कुणी अथांगनाथ महाराज समुद्र थांबवतात आणि त्यांच्या तीर्थानं साखर जाते, असं तिच्या डोक्यात बसलंय. मी बोलले की म्हणते, तू कालची पोर. मामा, ती तुमचं ऐकेल. माणसानं थांब म्हटलं की समुद्र थांबतो का? तुमचं मत कळवा.’

पोरीनं मागितलं होतं मत, आणि नेमकं तेच मगदुमांकडं कधी नसायचं. सांगलीच्या एका छापखान्यात त्यांचा उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याची चूक दिसली की समासात बारीक खूण करायची आणि कागद पुढं सरकवायचा. तोंड उघडायची वेळच येत नसे. दीपालीला उत्तर लिहायला ते अनेकदा बसले आणि प्रत्येकदा कागद फाडून उठले. आपण कोण सांगणार? चंदनला तेवढाच आधार वाटत असेल तर? आणि आपण तरी समुद्र कुठं नीट बघितलाय?

शेवटी चंदनबालाच म्हणाली, “तुला पटत न्हाई ना अण्णा? मग चल की माझ्यासंगं. डोळ्यानं बघ आन् मग बोल.”

म्हणून ते आले होते. सांगलीहून निघालेल्या बसला मलकापूरला वडूजकडच्या दोन बस येऊन मिळाल्या, आणि तिन्ही घाट उतरून कोकणात या खाऱ्या तळ्याशी थांबल्या. तळं आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा लांब बांध होता, आणि बांधाला एकच अरुंद तोंड. त्या तोंडातून समुद्राचं पाणी खळाळत तळ्यात घुसत होतं.

महाराज पाण्यावर होते. सहलीला आलेली पोरं भाड्यानं घेतात तसली नारिंगी प्लॅस्टिकची होडी, कयाक म्हणतात ती. वरून भगवं कापड गुंडाळलं होतं, पण बुडाशी चिकटवलेलं रिसॉर्टचं नाव काही झाकलं गेलं नव्हतं. महाराजांच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, गळ्यात झेंडूचा हार, आणि हाराखाली हळूच डोकावणारं फुगीर लाइफ जॅकेट.

काठावर शंभूराज नावाचा सेवक माइक धरून उभा होता. “मोबाईल बंद ठेवा! लहरी आडव्या येत्यात! हिमालयात बारा वर्सं बर्फात बसून महाराजांनी जलस्तंभन सिद्धी मिळवलीया. डॉक्टर काय थांबवतो? निस्ता रुग्णाला दारात थांबवतो! आपलं महाराज दर्या थांबवत्यात!”

लोक हसले. टाळ्या पडल्या.

“ए दर्या!” महाराज गरजले. “लय माज आला व्हय तुला? माझ्या लेकरांच्या रक्तात साखर चढलीया, आन् तुझ्या पोटात मीठ हाय. आज मिठानं साखरेचा मुडदा पाडायचा! सुई टोचायची न्हाई कुनी. सुईनं भोक पडतं, आन् भोकातनं माझी शक्ती गळती!”

चंदनबालाचा हात आपोआप दंडाकडं गेला. तिथं पूर्वी सुया टोचल्याच्या जागा होत्या. तिचे डोळे मिटलेले होते.

मगदुमांचे डोळे मात्र उघडे होते. बारीक बघण्याची खोड जात नव्हती. महाराज मंत्र म्हणत होते, पण त्यांची नजर पाण्यातल्या एका जुन्या खुंटाकडं होती. खुंटाला शेवाळाची जट अडकली होती, आणि आत घुसणाऱ्या पाण्यानं ती तळ्याच्या बाजूला ताणली गेली होती. ती ताणलेली होती तोवर मंत्र संपेना. एकच कडवं परत आलं, मग पुन्हा एकदा परत आलं. शेवाळ सैल होऊन खाली लोंबायला लागलं, तसं महाराजांनी वल्हं आभाळाकडं उचललं.

“थांब!”

आणि पाणी थांबलं.

खळाळ विरून गेला. महाराजांनी गळ्यातला हार पाण्यावर टाकला, तो टाकल्या जागी तरंगत राहिला. काठावर कुणी रडायला लागलं, कुणी चिखलातच साष्टांग आडवं झालं. “आता मागं फिर, गुलामा!” महाराज म्हणाले, आणि जरा वेळानं हार खरोखरच समुद्राकडं सरकू लागला.

या माणसांना वेड्यात काढणं सोपं होतं, पण मगदुमांना ते जमेना. कृष्णा, कोयना, येरळा: या लोकांनी जन्मभर बघितलेलं सगळं पाणी एकाच बाजूला जाणारं. पूर आला तरी खालीच जातं, आटलं तरी खालीच. वाहतं पाणी उभं राहतं आणि उलटं फिरतं, हे त्यांच्या बापजाद्यांनीही बघितलेलं नव्हतं. खुद्द मगदुमांना भरती-ओहोटी ठाऊक होती ती भूगोलाच्या पुस्तकाच्या मुद्रितांतून. त्या धड्यातल्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या होत्या, पण तो धडा खरा आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग तीर्थाची पाळी आली.

काठाशी एक मोठं घमेलं ठेवलं होतं. त्यात तळ्याचं पाणी. आजाऱ्यांनी रांगेनं त्यात पाय बुडवायचे. भेगाळलेले पाय, सुजलेले पाय, पट्ट्या सुटलेले पाय. चंदनबालानं चप्पल काढली तेव्हा त्यांना तिचा अंगठा दिसला. काळा पडला होता. कडेनं पिवळट ओल होती आणि तिला वास येत होता. तोच पाय तिनं घमेल्यात ठेवला, तिच्या मागच्या बाईनं तिचा ठेवला. मग सेवकांनी त्याच घमेल्यातलं पाणी बाटल्यांत भरलं, बुचावर कुंकू लावलं आणि ‘तीर्थ, तीर्थ’ करत विकायला काढलं.

चंदनबालानं बाटली घेतली, बूच काढलं आणि तोंडाला लावली.

“चंदन!” मगदूम म्हणाले. “गाळून तरी घे.”

“तीर्थ गाळायचं नसतं, अण्णा. महाराजांनी सांगितलंय. गाळलं की गुण जातो.”

ती जैन घरातली बाई. तिच्या पिशवीत पाण्याचं फडकं कायम असायचं. नळाचं असो, विहिरीचं असो, पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय तिनं कधी ओठाला लावलं नव्हतं. लग्नात मांडवातही लावलं नव्हतं. ती आता डोळे मिटून पायधुणीचं गढूळ पाणी घटाघटा पीत होती, आणि हनुवटीवरून ओघळलेला थेंब बोटानं पुसून तोही चाटत होती. मगदुमांनी मान फिरवली. किळस त्यांना पाण्याची आली, महाराजांची आली, आणि खिशातल्या पत्रापाशी येऊन ती थांबली.

महाराज जेवून काठालगतच्या रिसॉर्टच्या गार खोलीत झोपायला गेले. संध्याकाळी एकेकाला खासगी भेट मिळणार होती, तोवर सगळ्यांनी काठावरच थांबायचं होतं. सुरूच्या झाडांखाली डबे उघडले. मगदुमांशेजारी वडूजकडचे नाथाजी बसले होते, फौजेतून हवालदार होऊन सुटलेले. त्यांची बायको रंगूबाई गुडघे दाबत बाटली न्याहाळत होती.

“काय पाव्हणं,” नाथाजी म्हणाले, “बघितलं न्हवं? चौदा मुलूख फिरलोय मी, पन असला जवान बघितला न्हाई. समिंदराला सावधान म्हणाला आन् समिंदर सावधान!”

मगदुमांनी घास गिळला. बोलायचं नव्हतं. पण शब्द निघून गेले.

“तो पुन्हा थांबेल. संध्याकाळी.”

“आँ?”

“पाणी. आता बाहेर चाललंय ना? ते संध्याकाळी थांबेल आणि पुन्हा आत यायला लागेल. महाराज नसले तरी.”

आजूबाजूचे डबे थांबले. शंभूराज बाटल्यांची पेटी ठेवून पुढं आला. “म्हातारबा, कुठं वाचलं?”

“पुस्तकात.”

“पुस्तकात!” शंभूराजनं सगळ्यांकडं बघत मांडीवर थाप मारली. “पुस्तकात तर माकडाचा माणूस झालाय! तुमच्याकडं बघून पटतंय पन.”

मोठा हशा झाला. मगदुमांचे कान तापले. त्यांनी मान खाली घातली असती, पण समोर चंदनबाला होती. ती हसत नव्हती. त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

“अण्णा, थांबलं तर काय?”

“तर उद्या सकाळी माझ्यासंगं मिरजेला डॉक्टरांकडं यायचं. पाय दाखवायचा, सुई पुन्हा सुरू करायची.”

“आन् न्हाई थांबलं तर?”

“तर मी महाराजांच्या पायावर डोकं ठेवीन. तुला पुन्हा कधी काही म्हणणार नाही.”

“मी दिवस बुडायच्या आत जेवते, तुला ठाऊक हाय,” ती म्हणाली. सूर्यास्तानंतर तिच्या घरात कुणी अन्नाला शिवत नसे. “मी माझा डबा न्हाई उघडत. दिवस बुडायला टेकंपर्यंत बघीन. मग जेवीन, आन् मग तुझं माझं बोलणं संपलं.”

दुपार सरत गेली. पुस्तकातल्या हिशोबानं ओहोटी संपायची वेळ आली. तोंडातून पाणी धो धो बाहेर चाललंच होतं. ती वेळ टळून गेली. बांधापलीकडं समुद्र वाळूवर चढायला लागलेला दिसत होता, आणि तरी तळ्यातलं पाणी बाहेरच धावत होतं. धडाच चुकीचा असला तर? आपण फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलो आणि मजकूरच खोटा असला तर?

“काय पुस्तकवालं?” एकजण ओरडला. “कागद भिजला काय?”

“महाराज पान्यात बसून थांबवत्यात,” नाथाजी म्हणाले. “तुमी काठावर बसून बोलताय. मोर्च्यावर न जाता लढाई व्हय?”

“जातो,” मगदूम म्हणाले. त्यांना पोहता येत नव्हतं.

रिसॉर्टचा होडीवाला त्याच गावचा. त्यानं महाराजांचं भगवं कापड सोडलं, म्हाताऱ्याला जॅकेट चढवलं आणि होडीच्या मागच्या टोकाला लांब दोर बांधला. दोराचं दुसरं टोक त्यानं काठावरच्या सुरूच्या बुंध्याला गुंडाळलं. होडी तोंडाशी गेली आणि पाण्यानं तिला समुद्राकडं खेचलं. दोर तारेसारखा ताणला गेला, त्यातून पाणी निथळू लागलं. मगदूम वल्हं मांडीवर आडवं धरून बसले.

“मंत्र म्हणा की!” काठावरून आरोळी आली.

मगदुमांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

सूर्य सुरूच्या शेंड्यांमागं गेला. चंदनबालानं डबा मांडीवर घेतला. झाकणावर हात ठेवला. मगदूम समुद्राकडं बघत होते, मग तळ्याकडं, मग पुन्हा समुद्राकडं. बाहेरचं पाणी चढत होतं. आतलं अजून त्याहून उंच होतं. आणि एकदम त्यांना कळलं, की पुस्तकातली वेळ उघड्या समुद्राची होती, या तळ्याची नव्हतीच. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईतो हे वाहतच राहणार.

“थोडं थांब, चंदन!” ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं.

“दिवस थांबत न्हाई, अण्णा.”

तिनं झाकण उचललं. तेवढ्यात मागं महाराजांच्या खिडकीखाली बसलेली रंगूबाई म्हणाली, “आगं बया. दोर बघा.”

दोराला मध्येच झोळ पडला होता. बघता बघता तो ढिला होऊन पाण्यावर टेकला. खळाळ विरला. नारिंगी होडी कुणीही न धरता, कुणीही न वल्हवता, तोंडाच्या मधोमध नुसती उभी होती, आणि तिच्यात बसलेला म्हातारा वल्हं मांडीवर ठेवून कुणालाच काही म्हणत नव्हता.

काठावरची माणसं उठून पाण्याकडं सरकली.

कुणीतरी धावत निरोप दिला असावा. महाराज आले ते लुंगी सावरत. गालावर उशीची घडी उमटली होती. परिस्थिती एका नजरेत त्यांच्या ध्यानात आली. हात वर करून ते गरजले, “म्याच थांबवलं! समाधीतनं थांबवलं! भक्ताची लाज राखली!”

“बोला अथांगनाथ महाराज की...” शंभूराजनं सुरुवात केली. अर्धा काठ ‘जय’ म्हणायला तयारही झाला.

“मग थांबवूनच ठेवा, महाराज,” होडीतून बारीक आवाज आला. “थांबवलंत ना तुम्ही? आता फिरू देऊ नका. सकाळपर्यंत नको, निदान ही बाई जेवेपर्यंत तरी.”

महाराजांनी मंत्र सुरू केला. दोर हलला.

“थांब!” महाराज म्हणाले. दोर काठाच्या कडेनं तळ्याकडं सरकू लागला. “थांब म्हणतो न्हवं! ए! थांब!”

होडी अलगद वळली आणि आतल्या पाण्याबरोबर तळ्याच्या बाजूला निघाली. दोर पुन्हा ताणला गेला, या खेपेला उलट्या अंगानं. गर्दीत पहिल्यांदा एक बाई हसली. मग तिची शेजारीण.

“नास्तिकाची सावली पडली,” शंभूराज माइकमध्ये म्हणाला. “त्याच्यामुळं सिद्धीला...”

“गप रं,” रंगूबाई म्हणाली. “दोर ढिला पडला तवा तुझा महाराज घोरत हुता. मी त्याच्याच खिडकीखाली बसून गुडघं दाबत हुते सांजपातुर.”

होडीवाल्यानं मगदुमांना ओढून काठावर घेतलं. नाथाजींनी त्यांना हात दिला, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. “पाव्हणं, ह्ये झालं कसं त्ये सांगा. माझं डोस्कं चालंना.”

“नाथाजीराव, उसाला पाणी देता ना? बांध फोडून भरलेल्या वाफ्यातून रिकाम्या वाफ्यात बारं काढलं तर?”

“पानी पळतंय तिकडं.”

“कुठवर?”

“दोनी वाफं बराबर हुईस्तवर. मग थांबतंय.” नाथाजी बोलता बोलता थांबले. “तळं ह्यो एक वाफा.”

“आणि समुद्र दुसरा. तो चंद्राच्या ओढीनं दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. तो चढला की पाणी आत, उतरला की बाहेर. दोन्ही सारखे झाले की पाणी थांबतं. त्या घटकेला जो ‘थांब’ म्हणतो तो महाराज.”

“आन् ही घटका रोज येती?”

“रोजचीच आहे ती,” होडीवाला दोर गुंडाळत म्हणाला. “जन्मापासून बघतोय.”

“मग सकाळी बोलला का न्हाईस, गड्या?”

“आमाला कोणी विचारलान काय?” तो म्हणाला आणि होडी उपडी करून निघून गेला. मगदुमांना सकाळपासून आलेली किळस जराशी त्याच्याही वाट्याला गेली.

चंदनबाला डबा तसाच ठेवून उठली होती. तिनं पिशवीतून पाण्याचं पांढरं फडकं काढलं. दोन पदरी केलं, काठाच्या घमेल्यावर धरलं, आणि बाटलीतलं उरलेलं तीर्थ त्यावर ओतलं. पाणी खाली गेलं. फडक्यावर वाळू राहिली, माशाचा एक खवला राहिला, कुणाच्या तरी जखमेवरच्या पट्टीचा धागा राहिला, आणि त्या सगळ्यात वळवळणारं काहीतरी बारीक. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फडकं तसंच उचलून महाराजांपुढं धरलं.

“ह्ये पाजलंत मला?”

महाराजांनी फडक्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांनाही किळस आली होती.

नाथाजींनी बाटली चिखलात ओतली. त्यांचं बघून आणखी काहीजणांनी ओतली. पण सगळ्यांनी नाही. बसमध्ये चढताना मगदुमांनी कितीतरी बायका बाटल्या पदराखाली धरून चढताना पाहिल्या. असू दे, घरी देवापाशी ठेवू, असं एकजण म्हणाली.

चंदनबाला मात्र त्यांच्या शेजारी येऊन बसली. बाहेर उजेड अजून थोडा होता. तिनं डबा उघडून भाकरीचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. “जेवून घे, अण्णा. उद्या मिरजेला जायचंय.”

मिरजेच्या डॉक्टरांनी अंगठा काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय घोट्यातून गेला असता, असं ते म्हणाले. सुई पुन्हा सुरू झाली. दीपाली साताऱ्याहून आली आणि आईच्या उशाशी बसून राहिली. तिनं पत्राचा विषय काढला नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मगदुमांनी त्या पत्राचं उत्तर लिहून काढलं, आणि या खेपेला फाडलं नाही.

‘चि. दीपालीस अनेक आशीर्वाद. तू माझं मत विचारलं होतंस. माणसानं थांब म्हटलं म्हणून समुद्र थांबत नाही. हे मला तुझं पत्र आलं तेव्हाही ठाऊक होतं. तेव्हा लिहिलं असतं तर तुझ्या आईचा अंगठा कदाचित वाचला असता. ज्याला ठाऊक आहे आणि जो बोलत नाही, त्याच्या गप्प बसण्यावरही महाराजांचं दुकान चालतं. माझं तुला आणि तुझ्याबरोबरच्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे: कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायची घाई करू नका. तो निघून गेल्यावर तिथंच बसून राहा आणि पुढं काय होतं ते बघा. जे त्याच्यावाचूनही होतं, ते त्याचं नव्हे. आणि कुणीही, काहीही प्यायला दिलं, तर आधी गाळा. जे गाळू देत नाहीत, त्यांचं पिऊ नका. तुझा मामा.’

ते पाकीट डिंकानं चिकटवत असताना दीपाली चहा घेऊन आली. वरचा पत्ता तिनं वाचला आणि तिला हसू आलं.

“अहो मामा, मी इथंच उभी आहे. हातात द्या की.”

“नाही,” मगदूम म्हणाले. “पत्राचं उत्तर पोस्टानंच जायला हवं.”

दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यावर लाल पेटी होती. त्यांनी पाकीट आत सरकवलं, ते खाली पडल्याचा आवाज ऐकला, आणि तरीही दोन बोटं फटीत घालून कुठं अडकलं नाही ना, ते चाचपून पाहिलं.